फार्म हॉल: आरोपाविना सहा महिने

३ जुलै १९४५ रोजी दहा जर्मन शास्त्रज्ञांना बेल्जियममधून विमानाने इंग्लंडमध्ये आणलं गेलं. त्यांना केंब्रिजपासून फार लांब नसलेल्या गॉडमँचेस्टर गावातल्या फार्म हॉल नावाच्या जुन्या बंगल्यात ठेवलं. बाग होती, पियानो होता, वाचायला इंग्रजी वर्तमानपत्रं होती आणि स्वयंपाकाला जर्मन युद्धकैदी होते. बाहेर पडायची मात्र मुभा नव्हती, आणि आपण कुठे आहोत हे घरी कळवायचीही नव्हती.

दहाजणांपैकी एकावरही आरोप ठेवलेला नव्हता. ते सैनिक नव्हते, त्यामुळे त्यांना युद्धकैदी म्हणता येत नव्हतं. त्यांच्यावर खटला भरायचा कोणाचा विचार नसल्याने ते युद्धगुन्हेगारही ठरत नव्हते. देखरेखीवरचे ब्रिटिश अधिकारी मेजर टी. एच. रिटनर आपल्या अहवालांत त्यांना ‘पाहुणे’ म्हणत. हा पाहुणचार ३ जानेवारी १९४६ पर्यंत चालला, म्हणजे बरोबर सहा महिने.

जिंकलेल्या देशांनी हरलेल्या देशाचे शास्त्रज्ञ उचलून नेले, ही गोष्ट आपण बहुतेक वेळा भरतीची गोष्ट म्हणून ऐकतो. जर्मन रॉकेटतज्ज्ञ फॉन ब्राउन अमेरिकेत गेले, त्यांनी रॉकेटं बनवली, माणूस चंद्रावर पोचला. फार्म हॉलचं प्रकरण त्या चौकटीत बसत नाही. इथे कोणाला कामावर ठेवायचं नव्हतं, शिक्षाही करायची नव्हती. हे दहाजण दुसऱ्या कोणाच्या हाती पडू नयेत, एवढ्यासाठी त्यांना अडकवून ठेवलं होतं. आणि तो दुसरा कोणी म्हणजे शत्रू नव्हे, मित्रराष्ट्रंच.

आधी कागद, मग माणसं

जर्मनीचा अणुबॉम्ब कुठवर आलाय, हे शोधण्यासाठी अमेरिकेने ‘अल्सॉस’ नावाचं एक पथक युरोपात पाठवलं होतं. लष्करी प्रमुख होते कर्नल बोरिस पॅश. वैज्ञानिक बाजू होती सॅम्युएल गाउडस्मिट यांच्याकडे. ते जन्माने डच, नागरिकत्वाने अमेरिकन आणि भौतिकशास्त्रात नावाजलेले. १९३९ च्या उन्हाळ्यात जर्मनीचे नामवंत भौतिकशास्त्रज्ञ हायझेनबर्ग अमेरिकेत गेले, तेव्हा मिशिगनमधल्या अ‍ॅन आर्बरला याच गाउडस्मिटच्या घरी उतरले होते. त्यानंतर चार वर्षांनी गाउडस्मिटचे आईवडील ऑश्विट्झमध्ये मारले गेले. हा माणूस कोणाच्या मागावर निघाला होता आणि काय उरात घेऊन निघाला होता, हे लक्षात ठेवलं तर पुढचं बरंच काही उलगडतं.

पथकाला मोठा धागा लागला नोव्हेंबर १९४४ मध्ये, स्ट्रासबुर्गला. जर्मन अणुप्रकल्पातले कार्ल फ्रिडरिश फॉन वाइझॅकर तिथल्या विद्यापीठात प्राध्यापक होते. ते आधीच निसटले होते, पण त्यांचे कागद मागे राहिले होते. गाउडस्मिट रात्री मेणबत्तीच्या उजेडात ती पत्रं चाळत बसले आणि त्यांची खात्री पटली की जर्मनीकडे बॉम्ब नाही, आणि लवकर होण्याजोगी तयारीही नाही. त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय की, आता आपल्यालाही तो वापरावा लागणार नाही, असं ते सोबतच्या लष्करी अधिकाऱ्याला आनंदाने म्हणाले. उत्तर आलं: असं शस्त्र आपल्याकडे असेल तर आपण ते वापरणारच.

धोका नाही हे १९४४ च्या शेवटी कळलं होतं. मग पुढची धावपळ कशासाठी?

याचं उत्तर नकाशात सापडतं. बर्लिनवर बॉम्ब पडायला लागल्यावर युरेनियमवर काम करणारी मंडळी दक्षिणेला हेखिंगेन, हायगरलोख आणि टाइलफिंगेन या छोट्या गावांत हलली होती. हा सगळा भाग फ्रेंच फौजांच्या वाट्याला आला होता. फ्रान्सचे सगळ्यांत मोठे अणुशास्त्रज्ञ फ्रेडरिक जोलिओ-क्युरी कम्युनिस्ट पक्षाचे सदस्य. फ्रेंचांना जे कळेल ते मॉस्कोला कळेल, असा मॅनहॅटन प्रकल्पाचे प्रमुख जनरल लेस्ली ग्रोव्हज यांचा पक्का समज होता. म्हणून एप्रिल १९४५ च्या अखेरीस पॅश यांची तुकडी फ्रेंचांच्या आधी तिथे घुसली.

हायगरलोखला किल्ल्यावरच्या चर्चखाली खडकात खोदलेलं एक तळघर होतं. त्यात जर्मनांची शेवटची प्रायोगिक अणुभट्टी होती. पाच सेंटिमीटर बाजूचे युरेनियमचे ६६४ ठोकळे तारांना लटकवून जड पाण्यात (न्यूट्रॉनचा वेग कमी करणाऱ्या, जड हायड्रोजनच्या पाण्यात) सोडायचे, अशी ती रचना. न्यूट्रॉनची संख्या वाढत होती, पण साखळी प्रक्रिया (एक अणू फुटून पुढचे फुटत जाणं) स्वतःच्या बळावर चालायला लागलेली नव्हती. अमेरिकेत एन्रिको फर्मींनी हीच पायरी २ डिसेंबर १९४२ लाच ओलांडली होती. अमेरिकनांनी शेतात पुरलेले ठोकळे उकरून काढले, जड पाण्याची पिंपं उचलली. अहवालांचा गठ्ठा धातूच्या डब्यात बंद करून वाइझॅकर यांच्या घरामागच्या मैलाखड्यात बुडवून ठेवला होता, तोही बाहेर काढला. तो खड्डा कोणी उपसला याचं वर्णन मला कुठे नीट वाचायला मिळालेलं नाही, पण अणुयुगाच्या इतिहासात त्या शिपायांची नोंद हवी होती.

हायझेनबर्ग तिथे नव्हते. ते एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यातच सायकलवर टांग मारून दक्षिण बव्हेरियातल्या उर्फेल्डला, बायकोमुलांकडे निघाले होते. पळणाऱ्यांना झाडावर लटकवणारे नाझींच्या एसएस दलाचे लोक रस्त्यारस्त्यावर होते, त्यामुळे प्रवास रात्रीचा. मे महिन्याच्या सुरुवातीला पॅश मोजके लोक घेऊन त्या डोंगरातल्या घरी पोचले. आसपास शरण न आलेल्या जर्मन तुकड्या अजून होत्या. ग्रोव्हज यांनी पुढे लिहिलं की त्यांच्या दृष्टीने हायझेनबर्ग हातात येणं हे जर्मनांच्या दहा डिव्हिजनांपेक्षा मोलाचं होतं.

हायडेलबर्गला गाउडस्मिट आणि हायझेनबर्ग समोरासमोर आले. अमेरिकेत येऊन काम करशील का, असं गाउडस्मिटनी विचारलं. हायझेनबर्ग म्हणाले, नाही, जर्मनीला माझी गरज आहे. वर त्यांनी एक उदार प्रस्ताव ठेवला: अमेरिकन सहकाऱ्यांना युरेनियमबद्दल शिकायचं असेल तर आमच्या संशोधनाचे निष्कर्ष दाखवायला मला आनंदच होईल. तेव्हा न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात पहिल्या चाचणीची तयारी चालली होती. गाउडस्मिटनी काहीही न दाखवता ऐकून घेतलं.

दहाजण

ऑटो हान, माक्स फॉन लाउए, वेर्नर हायझेनबर्ग, वाल्टर गेरलाख, पाउल हार्टेक, कुर्ट डीबनर, कार्ल फ्रिडरिश फॉन वाइझॅकर, कार्ल विर्ट्झ, एरिख बागे आणि होर्स्ट कोर्शिंग. ही यादी मुख्यतः गाउडस्मिटनी ठरवली, आणि ती विचित्र आहे. हान यांनी १९३८ च्या डिसेंबरात फ्रिट्झ स्ट्रासमान यांच्यासोबत युरेनियमचं विखंडन, म्हणजे त्याचा अणू फुटणं, शोधलं होतं, पण बॉम्बच्या किंवा भट्टीच्या बांधणीत ते नव्हतेच. लाउए यांचा तर या प्रकल्पाशी काडीचा संबंध नव्हता. क्ष-किरणांवरच्या कामासाठी १९१४ चं नोबेल मिळालेला हा माणूस हिटलरच्या काळात आइन्स्टाइनच्या बाजूने उघड बोललेल्या फार थोड्यांपैकी एक. मुलगा नाझींच्या राज्यात वाढू नये म्हणून त्याला युद्धाआधीच अमेरिकेला पाठवणारा. आपल्याला का पकडलं, हा प्रश्न लाउए यांना पडला आणि त्याचं धड उत्तर त्यांना कोणी दिलं नाही.

दुसऱ्या टोकाला डीबनर होते. लष्कराच्या बाजूने प्रकल्प सांभाळलेले आणि नाझी पक्षाचे सदस्य. बाकीचे त्यांना जरा हातभर लांबच ठेवत. गेरलाख शेवटच्या टप्प्यात सबंध कार्यक्रमाचे सरकारी प्रमुख होते. म्हणजे एका छपराखाली नाझींना विरोध केलेला, नाझी पक्षात असलेला आणि ‘आम्ही फक्त विज्ञान केलं’ म्हणणारे बरेचसे. एका वाड्यात एवढी बिऱ्हाडं कोंबली की भिंतीला कान लावावासा वाटणारच. ब्रिटिशांनी ती सोय आधीच करून ठेवली होती.

भिंतीतले कान

फार्म हॉल ही गुप्तहेर खात्याची जागा होती. शास्त्रज्ञांना तिथे ठेवावं आणि खोल्यांत मायक्रोफोन बसवावेत, ही सूचना हवाई गुप्तवार्तेत काम केलेले भौतिकशास्त्रज्ञ आर. व्ही. जोन्स यांची. पुढे जोन्स यांनी एक कारण असंही दिलं की कोणा अमेरिकन जनरलच्या मते या लोकांना गोळ्या घालणं हा सोपा उपाय होता, म्हणून त्यांना इंग्लंडात आणणं बरं.

पाहुण्यांना संशय आलाच नाही असं नाही. ६ जुलैला डीबनरनी विचारलं, इथे मायक्रोफोन बसवलेले असतील का? हायझेनबर्ग हसले. म्हणाले, छे, हे लोक इतके चलाख नाहीत. गेस्टापोच्या खऱ्या पद्धती यांना ठाऊक नसणार, त्या बाबतीत ते जरा जुन्या वळणाचे आहेत. हा संवाद आपल्याला माहीत आहे, कारण तो मायक्रोफोनमधून टिपला गेला.

दिवस कंटाळ्याचे होते. हायझेनबर्ग पियानोवर बेथोव्हेन वाजवायचे. लाउए बागेत फेऱ्या मारायचे. आपसांत व्याख्यानं व्हायची. बायकापोरांची खबर नाही याचा त्रास सगळ्यांना होता. काहींची कुटुंबं जर्मनीच्या फ्रेंच ताब्यातल्या विभागात अडकली होती, तिथे काय चाललंय कळायला मार्ग नव्हता. आणि या कंटाळ्याखाली एक हिशेब चालू होता: आपल्याला धरून ठेवलंय म्हणजे आपण मोलाचे आहोत. आपल्याकडे युरेनियमचं जे ज्ञान आहे ते यांच्याकडे नाही. कधी ना कधी बोलणी होतील. ६ ऑगस्टच्या संध्याकाळपर्यंत हा हिशेब शाबूत होता.

६ ऑगस्ट

रात्रीच्या जेवणाच्या थोडं आधी रिटनर एकट्या हान यांच्याकडे गेले आणि अमेरिकेने अणुबॉम्ब टाकल्याची बातमी बीबीसीवर आल्याचं सांगितलं. हान पार खचले. लाखो माणसांच्या मृत्यूला आपणच जबाबदार आहोत असं त्यांना वाटलं. आपल्या शोधातून काय होऊ शकतं हे पहिल्यांदा ध्यानात आलं तेव्हाच जीव द्यायचा विचार मनात आला होता, असंही ते म्हणाले. रिटनरनी त्यांना चांगलंच मद्य पाजलं, सावरू दिलं आणि मग दोघं खाली जेवायच्या टेबलाकडे गेले.

हान यांनी बातमी सांगितल्यावरची पहिली प्रतिक्रिया अविश्वासाची. हायझेनबर्गनी विचारलं, बातमीत युरेनियम हा शब्द होता का? नव्हता. मग याचा अणूशी काही संबंध नाही, ते म्हणाले. कोणीतरी जोरदार स्फोटक बनवलंय आणि नाव मोठं दिलंय. हान यांनी टोमणा मारला: अमेरिकनांकडे युरेनियम बॉम्ब असेल तर तुम्ही सगळे दुय्यम दर्जाचे. बिचारा हायझेनबर्ग!

रात्री नऊच्या बातम्यांना सगळे रेडिओभोवती जमले. तपशील आले: इतका खर्च, इतकी माणसं, एवढाले कारखाने. शंकेला जागा उरली नाही.

त्यानंतरच्या काही तासांचं टिपण हा या प्रकरणाचा गाभा आहे. माझ्या मते वैज्ञानिक दृष्टीने त्यातला सगळ्यांत बोलका प्रसंग हान आणि हायझेनबर्ग यांच्यातला आहे. हायझेनबर्ग टनांच्या हिशेबात बोलत होते. हान यांनी टोकलं: आधी तर तू मला म्हणायचास की ५० किलो युरेनियम २३५ (बॉम्बला लागणारा युरेनियमचा दुर्मीळ प्रकार) लागेल, आणि आता दोन टन म्हणतोस? हायझेनबर्ग म्हणाले, आत्ता मी नक्की काही सांगत नाही. गुंता असा की जून १९४२ मध्ये बर्लिनला शस्त्रास्त्रमंत्री आल्बर्ट श्पेअर यांच्यासमोरच्या बैठकीत, शहर उडवायला केवढा बॉम्ब लागेल, असं विचारल्यावर याच हायझेनबर्गनी हातांनी अननसाएवढा आकार दाखवला होता. म्हणजे एकदा अननस, एकदा ५० किलो, एकदा दोन टन. ज्याने हा हिशेब एकदा मन लावून केला असेल, तो असा घरंगळणार नाही. त्यांनी तो तोवर नीट केलाच नव्हता, असंच मला वाटतं.

१४ ऑगस्टला त्यांनी याच लोकांपुढे व्याख्यान दिलं. त्यात हिशेब टनांवरून किलोंवर आला आणि बॉम्ब कसा चालत असेल याचं वर्णन बऱ्याच अंशी बरोबर होतं. हाताशी वर्तमानपत्रांतली माहिती आणि आठवडाभराचा वेळ, एवढ्यावर हे जमलं. बुद्धी कमी नव्हती. युद्धाच्या वर्षांत त्या प्रश्नाकडे त्या नजरेने पाहिलंच गेलं नव्हतं.

त्या रात्री प्रत्येकजण वेगळ्या रस्त्याने मोडला. गेरलाख हरलेल्या सेनापतीसारखे वागू लागले. खोलीत जाऊन हुंदके देऊन रडले. लाउए आणि हार्टेक त्यांची समजूत काढायला वर गेले. नंतर हान गेले आणि त्यांनी नेमका प्रश्न विचारला: आपण बॉम्ब बनवला नाही म्हणून तू रडतोयस, की अमेरिकनांना तो आपल्यापेक्षा चांगला जमला म्हणून? स्वतः हान म्हणत होते की आम्ही तो बनवला नाही याबद्दल मी गुडघे टेकून देवाचे आभार मानतो. इकडे बाकीच्यांना हान यांचीच काळजी. बागे यांच्या रोजनिशीत नोंद आहे की मध्यरात्रीनंतर लाउए त्यांच्या दारावर आले, हान जिवाचं काही बरंवाईट करतील अशी त्यांना भीती वाटत होती. हान झोपल्याची खात्री होईपर्यंत ही मंडळी जागी राहिली.

तिशीतला कोर्शिंग मात्र कोरडेपणाने बोलून गेला: यातून एवढं कळतं की अमेरिकनांना अवाढव्य प्रमाणावर एकत्र काम करता येतं. जर्मनीत ते अशक्यच होतं. तिथे प्रत्येकजण म्हणायचा की दुसरा बिनमहत्त्वाचा. या एका निरीक्षणात मला पुढच्या कितीतरी जाड पुस्तकांपेक्षा जास्त कारणमीमांसा दिसते. हायझेनबर्गही त्या रात्री एक खरं वाक्य बोलले: १९४२ च्या वसंतात सरकारपुढे जाऊन, या एका गोष्टीसाठी १,२०,००० माणसं लावा, असं सांगण्याचं नैतिक धैर्य आमच्यात नव्हतं. इथे ‘नैतिक’ याचा अर्थ बॉम्ब बनवू नये असा नाही. एवढं मोठं मागायची छाती नव्हती, असा आहे.

कैफियत कशी घडली

वाइझॅकर त्या रात्रीच म्हणाले: आपण यशस्वी झालो नाही, कारण सगळ्या भौतिकशास्त्रज्ञांना तत्त्व म्हणून ते नकोच होतं. जर्मनी जिंकावी असं आपल्याला खरंच वाटत असतं तर आपण करून दाखवलं असतं. हान लगेच म्हणाले, मला हे पटत नाही, पण आपण यशस्वी झालो नाही याबद्दल मी कृतज्ञ आहे. वाइझॅकर समोर नसताना बागे डीबनरशी बोलताना जास्त स्पष्ट होते: वाइझॅकरला नको असेल, पण सगळ्यांना नको होतं असं म्हणणं हास्यास्पद आहे.

पुढच्या दिवसांत वाइझॅकरनी कैफियतीला आणखी धार लावली. इतिहासात नोंद होईल की अमेरिकन आणि इंग्रजांनी बॉम्ब बनवला आणि त्याच काळात हिटलरच्या राजवटीतल्या जर्मनांनी चालू शकणारं युरेनियम यंत्र (अणुभट्टी) बनवलं. म्हणजे शांततेसाठीचं काम हुकूमशाहीत झालं आणि हे भीषण शस्त्र लोकशाहीत. हे वाक्य फार हुशार आहे. त्यात फक्त एवढंच खटकतं की हायगरलोखचं यंत्र कधी चाललंच नव्हतं.

८ ऑगस्टला दहाजणांनी मिळून एक निवेदन तयार केलं. वर्तमानपत्रांत विखंडनाच्या शोधाचं श्रेय हान यांच्या जुन्या सहकारी लिझे माइटनर यांना दिलं जात होतं, ते हान यांना बोचलं होतं. निवेदनात शोध हान आणि स्ट्रासमान यांचा, असं ठासून सांगितलं. त्यातून प्रचंड ऊर्जा बाहेर पडते हे बहुधा माइटनर आणि त्यांचे भाचे फ्रिश यांनी पहिल्यांदा दाखवलं, हे मान्य केलं. पण त्याच दमात, माइटनर शोधाच्या सहा महिने आधी बर्लिन सोडून गेल्या होत्या आणि शोधात त्यांचा सहभाग नव्हता, असंही नमूद केलं. त्या ज्यू असल्यामुळे जीव वाचवायला रातोरात हॉलंडमार्गे पळाल्या होत्या, आणि पळाल्यानंतरही हान पत्रांतून त्यांनाच सल्ला विचारत होते. निवेदनात याला जागा मिळाली नाही. हान हिरोशिमाच्या मेलेल्यांसाठी खरोखर खचले होते. तेच हान दोन दिवसांत माइटनर यांच्याबद्दलच्या या मजकुराखाली सही करतात. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि एकीने दुसरी रद्द होत नाही.

त्यांचं करायचं काय?

६ ऑगस्टनंतर जेत्यांच्या दृष्टीनेही हिशेब बदलला, किंवा खरं तर उघडा पडला. या लोकांकडे विकत घेण्यासारखं काही नव्हतं. इथे तुलना केली तर मुद्दा नीट दिसतो. हायझेनबर्ग पकडले गेले त्याच आठवड्यात, आल्प्सच्याच भागात, वेर्नहर फॉन ब्राउन अमेरिकनांना शरण आले होते. ते एसएसचे अधिकारी. त्यांची व्ही-२ रॉकेटं मिटेलबाउ-डोराच्या बोगद्यांत छळछावणीच्या कैद्यांकडून बनवून घेतली गेली आणि तिथे हजारो माणसं मेली. पण त्यांना जे येत होतं ते अमेरिकेला येत नव्हतं. ते टेक्सासला पोचले आणि अमेरिकेच्या ‘पेपरक्लिप’ योजनेत त्यांच्यासारखे सुमारे सोळाशे लोक सामावले गेले. लाउए यांच्यासारखा निष्कलंक माणूस मात्र इंग्लंडात कुंपणाआड फेऱ्या मारत होता. माणसाने काय केलं होतं यावरून कोणाचंच काही ठरलं नाही.

रशियाचा हिशेब आणखी सरळ होता. त्यांना बॉम्बसाठी माणसं हवी होती. जर्मन भौतिकशास्त्रज्ञ गुस्टाफ हर्ट्झ आणि मानफ्रेड फॉन आर्डेने काळ्या समुद्राकाठी सुखुमीला गेले. युरेनियम शुद्ध करण्यात मुरलेले निकोलाउस रील मॉस्कोजवळच्या एलेक्त्रोस्तालला कामाला लागले आणि १९४९ च्या सोव्हिएत चाचणीनंतर त्यांना ‘समाजवादी श्रमवीर’ हा किताब मिळाला. २२ ऑक्टोबर १९४६ च्या पहाटे तर जर्मनीच्या सोव्हिएत विभागात घरोघरी दारं ठोठावून दोन हजारांहून जास्त तंत्रज्ञांना बायकापोरांसह आगगाड्यांत बसवलं गेलं. करार, पगार, घर सगळं ठरलेलं, फक्त नाही म्हणायची सोय नव्हती. या बाजारात जे कोणालाच नको झाले ते आणखी दूर गेले. फोके-वुल्फचे विमानरचनाकार कुर्ट टांक आधी अर्जेंटिनात, मग १९५६ मध्ये भारतात आले आणि बंगळूरला त्यांच्या हाताखाली घडलेलं ‘मारुत’ जून १९६१ मध्ये उडालं.

फार्म हॉलच्या दहाजणांचं मोल या दोन्ही तराजूंत बसत नव्हतं. ते रशियाला मिळू नयेत, फ्रेंचांना मिळू नयेत, आणि पुढे पश्चिम जर्मनीत विज्ञान उभं करायला आपल्या धाकात असावेत, एवढंच ब्रिटिशांना हवं होतं. सप्टेंबरात ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ पॅट्रिक ब्लॅकेट त्यांना भेटायला आले. (हेच ब्लॅकेट पुढे संरक्षण संशोधनाबाबत नेहरूंच्या सरकारचे सल्लागार झाले.) बोलणी झाली ती भविष्याबद्दल: संस्था कुठे असाव्यात, कोणी कुठे राहावं. थोडक्यात, अटी.

नोव्हेंबरात एक मजेदार अडचण उभी राहिली. हान यांना १९४४ चं रसायनशास्त्राचं नोबेल जाहीर झालं, आणि ही बातमी मंडळींनी ‘डेली टेलिग्राफ’मध्ये वाचली. स्वीडिश अकादमीला हान कुठे आहेत हेच ठाऊक नव्हतं, आणि हान यांना ते सांगता येत नव्हतं. घरात मात्र मेजवानी झाली. डीबनर आणि विर्ट्झ यांनी गाणं रचलं, त्याच्या प्रत्येक कडव्याच्या शेवटी, याला जबाबदार कोण, तर ऑटो हान. लाउए भाषणाला उभे राहिले तेव्हा डोळे ओले झाले. हान यांनी ते पारितोषिक प्रत्यक्ष स्टॉकहोमला जाऊन घेतलं ते डिसेंबर १९४६ मध्ये.

सुटका झाली ती जर्मनीच्या ब्रिटिश विभागात. ज्यांची घरं हेखिंगेन-टाइलफिंगेनकडे होती त्यांनाही फ्रेंच विभागात परतायची परवानगी नव्हती. हायझेनबर्ग, हान, लाउए, वाइझॅकर आणि विर्ट्झ ग्योटिंगेनला स्थिरावले. माक्स प्लांक संस्थेची उभारणी हान यांच्या नेतृत्वाखाली तिथूनच झाली. एप्रिल १९४६ मध्ये दोस्तांनी कायदा क्रमांक २५ काढून जर्मनीत उपयोजित अणुसंशोधनावर बंदी घातली. १२ एप्रिल १९५७ रोजी पश्चिम जर्मनीच्या सैन्याला अण्वस्त्रं देण्याच्या कल्पनेविरुद्ध अठरा शास्त्रज्ञांनी जाहीरनामा काढला, त्यांत फार्म हॉलमधले सहाजण होते. त्याउलट हार्टेक १९५१ मध्ये अमेरिकेला गेले. त्यांना कोणी पकडून नेलं नाही, ते प्राध्यापकी करायला आपणहून गेले.

पुरावा म्हणून या टिपणांची किंमत

संभाषणं लाख लावलेल्या धातूच्या तबकड्यांवर नोंदली जायची. ऐकणारे त्यातला महत्त्वाचा वाटेल तो भाग लिहून काढायचे, इंग्रजीत भाषांतर करायचे आणि तबकडी पुन्हा वापरात जायची. अहवाल लंडनमार्गे ग्रोव्हज यांच्यापर्यंत पोचायचे. १९६२ मध्ये ग्रोव्हज यांनी आपल्या आठवणींत त्यांतले उतारे छापले तेव्हा जगाला मायक्रोफोनचा सुगावा लागला, पण संपूर्ण अहवाल खुले झाले ते फेब्रुवारी १९९२ मध्ये. मूळ जर्मन शब्द जवळपास कुठेच उरलेले नाहीत, १४ ऑगस्टच्या व्याख्यानासारखा एखादा अपवाद सोडून. काय गाळायचं हे ठरवणारे भौतिकशास्त्रज्ञ नव्हते. म्हणून या कागदांवरून हायझेनबर्गच्या मनाचा निवाडा करणाऱ्यांचा मला भरवसा वाटत नाही, मग ते त्यांना संत ठरवोत की नालायक.

पण एक गोष्ट या कागदांत ढळढळीत आहे, ती म्हणजे तारखा. ६ ऑगस्टपूर्वीच्या पानांत, आम्ही जाणूनबुजून बॉम्ब टाळला, असा सूर नाही. त्यानंतर तो काही तासांत उगवतो, आणि उगवताक्षणी हान आणि बागे त्याला आडवे जातात. १९५९ मध्ये लाउए यांनी विज्ञान-संपादक पाउल रोझबाउड यांना लिहिलेलं पत्र याला पूरक आहे. बॉम्ब करण्याची आमची इच्छाच नव्हती ही मांडणी जेवणाच्या टेबलावरच्या चर्चांतून घडत गेली, त्यात पुढाकार वाइझॅकरचा होता, हायझेनबर्ग बहुतेक वेळ गप्प असायचे आणि नैतिक विचाराचा उच्चार आपण त्यात ऐकला नाही, असं लाउए यांनी त्यात लिहिलंय. त्याच टेबलावर ते स्वतः बसलेले होते आणि ८ ऑगस्टच्या निवेदनाखाली त्यांचीही सही आहे.